मोकळी सम आणि मागचे हात

शनिवारी रात्री पेणचा कार्यक्रम आटोपून परत येताना गाडीत माझं आणि आमच्या कीबोर्डवाल्याचं जुंपलं. मी 'द पोलीस' या तीन जणांच्या इंग्लिश रॉक बँडचा 1979 सालचा अल्बम लावला होता, 'रेगाटा द ब्लाँक'. तो म्हणाला, "दोन गाणी सोडली तर बाकी सगळा भरणा आहे." पनवेल मागे पडलं तरी आम्ही भांडत होतो. डोंबिवलीला उतरताना तो झोपेत होता आणि मी अजून बोलत होतो. जे त्याला सांगायचं राहिलं ते इथे लिहितो.

मी सव्वीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम आणि ऑक्टोपॅड वाजवतोय. त्याआधी लहानपणी चार वर्षं तबला. आपल्याकडे ठेका शिकवताना सगळ्यात आधी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दाखवतात. गाणारा कुठेही फिरून येवो, समेवर सगळे भेटतात, माना हलतात, हात खाली येतो. हा अल्बम ज्यावर उभा आहे त्या जमैकाच्या रेगे संगीतात नेमकी तीच जागा रिकामी ठेवतात. चारातली पहिली मात्रा सोडून द्यायची आणि सगळं वजन तिसरीवर टाकायचं, बेस ड्रम आणि स्नेअरची कड एकदम. जमैकाचे वादक याला 'वन ड्रॉप' म्हणतात. बॉब मार्लेच्या वेलर्समधल्या कार्लटन बॅरेटच्या हातातून हा ठेका जगभर गेला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रूपक आठवला. सात मात्रांचा रूपक समेवरच खाली, म्हणजे बिनवजनाची मात्रा, घेऊन उभा असतो. तबल्याच्या सरांनी तो शिकवला तेव्हा मी विचारलं होतं, की सुरुवातच खालीने कशी काय? ते म्हणाले, "वाजव, कळेल." कळायला मला त्या तीन गोऱ्या माणसांची कॅसेट लागली.

कॅसेट मामाची. मामा कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होता. 1980 च्या मार्चमध्ये 'द पोलीस' मुंबईत आले, आणि त्यांचा कार्यक्रम झाला तो त्याच आवारातल्या होमी भाभा सभागृहात. टाइम अँड टॅलंट्स क्लबने ठरवलेला. त्याच जगदौऱ्यात ते हाँगकाँग, बँकॉक, कैरो, अथेन्स असं फिरले. मामा मागच्या बाजूला उभा राहून ऐकून आला. इंग्रजी गाण्यांचं त्याला तोवर काही वेड नव्हतं. नंतर त्याने कुणाकडून तरी हा अल्बम कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतला, आणि मी तेरा वर्षांचा झालो तेव्हा ती मला दिली. म्हणाला, "त्या ढोलवाल्याकडे लक्ष दे. तो काय वाजवत नाही ते ऐक."

तो ढोलवाला म्हणजे स्ट्युअर्ट कोपलंड. अमेरिकन, पण बालपण कैरो आणि बैरूतमध्ये गेलेलं. डाव्या हातातली काडी तो जुन्या लष्करी बँडवाल्यांसारखी आडवी धरतो. त्याच्या हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, मी आयुष्यातले किती तास घालवले याचा हिशेब नाही. बाकीचे ड्रमर हाय-हॅटवर घड्याळासारखी लय मोजतात, हा तिच्यावर बोलतो. मध्येच एक उघडी टिचकी, मग तीन बारीक, मग काहीच नाही. 'वॉकिंग ऑन द मून' ऐका. बँडचा गायक स्टिंग, त्याचा बेस मोजके सूर वाजवून थांबतो. तिसरा अँडी समर्स, त्याची गिटार एकच स्वरगुच्छ सोडते आणि तो प्रतिध्वनीत विरत जातो. कोपलंड त्या मोकळ्या जागेत शिरत नाही, तिच्या कडेकडेने चालतो. तीन माणसं आहेत आणि तिघेही एकमेकांसाठी जागा सोडताहेत. आमच्या स्टेजवर अकरा वादक असतात आणि प्रत्येकाला प्रत्येक मात्रा भरायची असते. तिथून घरी आलो की मी हे गाणं लावतो.

आता 'बाकी सगळा भरणा' या कीबोर्डवाल्याच्या मुद्द्याकडे. 'मेसेज इन अ बॉटल' आणि 'वॉकिंग ऑन द मून' ही दोन्ही गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, त्यामुळे लोक तेवढीच धरून बसतात. पण अल्बमच्याच नावाचा तुकडा ऐका. त्यात शब्द नाहीत, नुसते हाकारे आहेत. मंचावर 'कान्ट स्टँड लूझिंग यू' वाजवताना मधल्या भागात ते जे लांबवत न्यायचे, त्यातून तो तयार झाला. त्याला 1981 मध्ये ग्रॅमी मिळालं. पहिल्या मिनिटात कोपलंड नुसत्या कडेच्या टकटकीवर जो ताण धरतो, तो कुठल्याही ढोलकीवाल्याला ऐकवा, तो काम सोडून बसेल. 'द बेड्स टू बिग विदाउट यू' मध्ये बेसच्या दोन फेऱ्यांमधली शांतताच रिकाम्या पलंगाची गोष्ट सांगते. शब्द नंतर येतात. 'ब्रिंग ऑन द नाइट' मध्ये समर्स गिटार बोटांनी छेडतो, ते वेगळंच प्रकरण आहे. 'काँटॅक्ट' मलाही आवडत नाही, ते मी कीबोर्डवाल्याला देऊन टाकलं. बाकी एकही नाही.

कीबोर्डवाला आणखी एक म्हणाला, की हे काळ्या लोकांचं संगीत गोऱ्यांनी उचललं. यावर मला वाद घालायचा नाही. अल्बमचं नावच मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये 'गोरा रेगे' असं सांगतं. उचललंय. जमैकाच्या वादकांच्या वाट्याला यातलं किती आलं, हा प्रश्न खराच आहे. माझ्यापुरतं सांगतो, मामाच्या कॅसेटवरूनच मी बॅरेटपर्यंत पोचलो, आणि बॅरेट ऐकल्यावर कोपलंड मला कमी आवडू लागला नाही. तो कुठून शिकला ते दिसू लागलं, इतकंच. शिवाय त्याने नक्कल केली नाही. त्याच्या वाजवण्यात रॉकची घाई आहे, जी बॅरेटमध्ये कधीच नसते. ही घाई आणि ती मोकळी जागा यांच्या ओढाताणीतच हा अल्बम उभा आहे. लेदरहेडमधल्या एका छोट्या स्टुडिओत, दहा हजार पौंडांच्याही आत झालेलं हे काम. स्टुडिओ चालवणारा नायजेल ग्रे पेशाने डॉक्टर होता.

रविवारी उठलो तर लेक फुरंगटलेली. तिने मैत्रिणींना घरी बोलावून 'लॅबिरिंथ' दाखवला होता आणि त्या अर्ध्यातच मोबाइल काढून बसल्या. "बाबा, त्या म्हणाल्या सगळं खोटं दिसतं." म्हणजे आमच्या घरात एकाच दिवशी दोन दुखावलेले चाहते. मग आम्ही दोघांनी तो पुन्हा लावला.

जिम हेन्सनने 1986 मध्ये केलेला हा चित्रपट. सारा नावाची मुलगी वैतागून म्हणते की माझ्या तान्ह्या भावाला गॉब्लिननी, म्हणजे परीकथेतल्या खोडकर भुतांनी, न्यावं, आणि ते खरंच नेतात. परत मिळवायला तेरा तास आणि मध्ये चक्रव्यूह. गॉब्लिनांचा राजा झालाय इंग्लिश गायक डेव्हिड बोवी. चित्रपट आपटला. अडीच कोटी डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत त्याच्या निम्म्याच्या आसपास परत आले. हेन्सनने दिग्दर्शित केलेला हा शेवटचा चित्रपट, 1990 मध्ये तो गेला. बोवी आणि साराचा नाचाचा प्रसंग मला लेकीसोबत बघताना खटकतो, तिथे मी उठून पाणी प्यायला जातो. बाकी सगळा मी जागचा न हलता बघतो, आणि बघतो ते हात.

बोवी बोटांवरून काचेचे गोळे फिरवतो ना, ते हात त्याचे नाहीत. मायकल मॉशन नावाचा कसबी त्याच्या मागे दडून, त्याच्या काखेतून हात पुढे काढून ते फिरवत होता. त्याला गोळे दिसत नव्हते. विहिरीसारख्या खोल कपारीतून सारा पडते आणि भिंतीतले हात तिला झेलतात, तिथे शंभराहून जास्त हात आहेत, आणि हातांचेच चेहरे होऊन ते बोलतात. साराला वाट दाखवणारा बुटका हॉगल, त्याच्या आत शॅरी वायझर चालत होती, पण त्याच्या चेहऱ्यावर 18 मोटारी होत्या आणि त्या बाहेरून चार माणसं हलवत होती. हेन्सनचा मुलगा ब्रायन त्यातला एक, आवाजही त्याचाच. म्हणजे एका रुसलेल्या बुटक्याच्या एका कपाळाच्या आठीसाठी पाच जणांनी एका लयीत राहायचं. तालीम म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटा येतो.

लेक मध्येच म्हणाली, "बाबा, सुरुवातीचं घुबड मात्र खरंच खोटं दिसतं." मी तिला सांगितलं की तेवढं एकच संगणकावर केलेलं आहे, आणि त्या काळात ते फार नवलाचं होतं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि लूडो?" लूडो म्हणजे तो थोरला केसाळ प्राणी. त्याच्या आत आळीपाळीने माणसं शिरायची, एवढा जड होता तो. त्यातला एक रॉन म्यूक, जो पुढे मोठा शिल्पकार झाला. "मग तो खराच आहे," ती म्हणाली. मैत्रिणींना हे सोमवारी सांगणार म्हणाली.

चित्रपट संपल्यावर मी 'वॉकिंग ऑन द मून' लावलं. लेकीने फळांच्या टोपलीतून एक मोसंबं घेतलं, माझ्या मागे गुडघ्यांवर बसली आणि माझ्या काखेतून दोन्ही हात पुढे काढले. "तुम्ही काही करायचं नाही, फक्त समोर बघायचं." मी समोर बघत बसलो. मोसंबं तिच्या तळहातावरून मनगटाकडे दोन बोटं सरकलं आणि पडलं. तिने चाचपडत उचललं. पुन्हा पडलं. गाण्यात बेस थांबला होता, गिटार विरत होती. तिसऱ्या वेळी मोसंबं तिच्या मनगटावर टेकून राहिलं, आणि माझ्या पाठीला लागलेला तिचा श्वास थांबलेला मला कळला.