आमची वाटचाल : बूट झाल्याशिवाय घरी जायचं नाही

सांगलीच्या गणपती पेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर, २००६ साली आम्ही दोघांनी बस्तान मांडलं. धंदा एकच : लोकांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही विंडोजसारखी, पण फुकट मिळणारी सिस्टीम बसवायची, आणि मशीन बूट होईपर्यंत, म्हणजे नीट चालू होईपर्यंत, हलायचं नाही. दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या सीड्यांचा गठ्ठा. तेव्हा नुसता पत्ता कळवला की परदेशातून सीड्या फुकट घरपोच यायच्या. पोस्टमन एकदा विचारता झाला, "एवढ्या सीड्या? लग्नाचं शूटिंग करता काय?" बापू म्हणाला, "हो, पेंग्विनचं." पेंग्विन हे लिनक्सचं बोधचिन्ह.

बापू माझा पार्टनर. हार्डवेअर त्याच्याकडे, कमांड माझ्याकडे. त्याची हत्यारांची पेटी अजून माझ्या टेबलाखाली आहे. चुंबकी टोकाचा स्टार स्क्रू ड्रायव्हर, अर्धा तुटलेला टूथब्रश, २०३२ नंबरच्या सेलची पट्टी, आयडीई डिस्क यूएसबीला जोडायची केबल आणि एक पीएस/टूचा, म्हणजे जुन्या गोल पिनेचा, पिवळा पडलेला कीबोर्ड. हा कीबोर्ड बघून आमच्याकडची नवी पोरं हसतात. पण जुन्या बोर्डांवर ग्रबच्या, म्हणजे सिस्टीम चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत 'ई' दाबायची वेळ येते आणि यूएसबी कीबोर्डचा दिवासुद्धा लागत नाही, तेव्हा हसू बंद होतं. पेटी आवरायची नाही, एवढं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

पहिली दोन वर्षं आमचं काम म्हणजे स्क्रीन ८०० बाय ६०० वर अडकली ती सोडवा, बीएसएनएलचं ब्रॉडबँड चालू करून द्या, आणि ज्यांच्या मशीनवरच्या शेजारच्या विंडोजला धक्का लागला त्यांच्या शिव्या खा. पार्टिशन करताना आधी बॅकअप घ्या म्हटलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "घ्या की. पेन ड्राइव्ह तुमचाच ना?"

मार्केट यार्डातले हळदीचे अडते तात्या आमचं पहिलं पक्कं गिऱ्हाईक. २००७ च्या मे महिन्यात त्यांना एक सेकंडहँड पेंटियम दिला, त्यावर नुकतंच आलेलं डेबियन ईच. डेबियन हा लिनक्सचाच आणखी एक प्रकार, आणि त्याच्या प्रत्येक आवृत्तीला असं एक नाव असतं. अट एकच होती : शेतकऱ्याची हिशेबपट्टी मराठीत निघाली पाहिजे. नऊ पिनांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर इंग्रजी मजकूर नुसता पाठवला की खडाखडा उमटतो, पण मराठी अक्षरं चित्र म्हणून पाठवावी लागतात. एक पट्टी निघायला इतका वेळ लागायचा की शेतकरी तेवढ्यात चहा पिऊन यायचा. तात्यांना त्याचं काही नव्हतं. "पट्टी निघाली की झालं," म्हणायचे, "आत कुठला मारुती बसलाय मला काय करायचंय?"

त्या मशीनचा कॅबिनेट उघडला की आत सगळं पिवळं. पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या फटींत, रॅमच्या खाचेत हळदीची पूड. बापू ती टूथब्रशने झाडायचा आणि त्याचा शर्ट संध्याकाळी हळदीच्या नवऱ्यासारखा दिसायचा.

तात्यांच्याच मशीनने मला अपग्रेड शिकवलं. लेनीवरून स्क्वीझवर नेलं ते २०११ साली. नव्या कर्नलने, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याने, जुन्या आयडीई डिस्कला 'एचडीए' म्हणायचं सोडून 'एसडीए' म्हणायला सुरुवात केली होती. सकाळी सौदे सुरू व्हायच्या आत तात्यांचा फोन : काळा पडदा, त्यावर कंसात काहीतरी लिहिलंय आणि पुढं एक रेघ लुकलुकतेय. मी धावत गेलो. बूट मेनूत शिरून रूटचं, म्हणजे सिस्टीम असलेल्या डिस्कचं, नाव हाताने बदललं, मशीन वर आलं, मग एफएसटॅब या डिस्कांच्या यादीत नावांच्या जागी यूयूआयडी, म्हणजे कायमच्या ओळखखुणा, टाकले. वीस मिनिटांचं काम. तात्या शेजारी बसून बघत होते. ते म्हणाले, "म्हणजे घर तेच, नुसता दारावरचा नंबर बदलला?" इतक्या वर्षांत यूयूआयडी यापेक्षा चांगला मला कुणी समजावलेला नाही.

पुढची पाच-सहा वर्षं बरी गेली.

२०१२ ला एक डिप्लोमावाला मुलगा आमच्याकडे लागला. हुशार. लाइव्ह सीडीवरून उठायचं, पडलेली डिस्क माउंट करायची, डेव्ह, प्रॉक आणि सिस हे सिस्टीमचे फोल्डर तिच्यात बाइंड करून सीएचरूट मारायचा, म्हणजे त्या पडलेल्या सिस्टीमच्या आत शिरायचं, आणि ग्रब परत बसवायचा, हे सगळं त्याला मी माझ्या हाताने शिकवलं. पहिल्यांदा त्याने बाइंड न करताच ग्रब टाकायला घेतला आणि एरर बघून रडकुंडीला आला, तेव्हा बापूने त्याला खाली नेऊन भजी खायला घातली. २०१६ ला तो सोडून गेला आणि विश्रामबागेत काचेच्या दाराचं ऑफिस टाकलं. त्याला माझी हरकत नव्हती. धंदा कुणी करू नये असं कुठाय? हरकत होती ती पत्रकाला. गावभर वाटलेल्या त्या पत्रकावर लाल अक्षरांत होतं : 'फुकटच्या सॉफ्टवेअरवर आपल्या व्यवसायाचा भरवसा ठेवू नका.' ज्याने चार वर्षं त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर पगार घेतला, त्याने हे लिहावं! मी ते पत्रक जपून ठेवलंय. पेटीतच आहे.

आता जून २०१८. हे नीट सांगतो, कारण गावात त्याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी फिरतात.

आमच्याकडे एका पतसंस्थेचा सर्व्हर होता, डेबियन जेसीवर. जेसीचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १७ जूनला थांबणार होते, म्हणून पुढच्या आवृत्तीवर, स्ट्रेचवर, न्यायचं ठरलं. १७ ला रविवार. पण अधिक महिना नुकताच संपलेला, त्यानंतरचा हा पहिला रविवार, मुहूर्तांची झुंबड. मी दिवसभर तासगावला मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्यात. सकाळी सुरू करायचं काम रात्री आठला सुरू केलं. गावात ज्या तीन गोष्टी फिरतात, त्यातल्या एकीतही हा साखरपुडा नाही.

अपग्रेड स्वतः गुणी बाळासारखं झालं. दहाच्या सुमारास मशीन उठलं, लॅन होतं, सगळं होतं, फक्त संस्थेचं सॉफ्टवेअर उघडलं की कोरं पांढरं पान. ते कुणीतरी दहा वर्षांपूर्वी पीएचपी या भाषेत लिहिलेलं, लिहिणारा केव्हाच परदेशी गेलेला. जेसीत पीएचपी ५.६ होतं, स्ट्रेचमध्ये ७.०, आणि सातमध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शनं काढूनच टाकलेली. फायली दोनशेच्या वर. प्रत्येकीत हात घालत बसलो असतो तर दिवाळी उजाडली असती. मग जुन्या नावांची फंक्शनं नव्याला जोडून देणारी एकच फाइल लिहिली आणि ती प्रत्येक पानाआधी आपोआप लागेल अशी सेटिंग केली. पहाटे तीनला लॉगिन झालं, खातं उघडलं, शिल्लक जुळली. बापू म्हणाला, "चला." आम्ही गेलो. मी एकही मराठी नाव उघडून बघितलं नाही.

सोमवारी काउंटर सुरू झाला. काउंटरच्या स्क्रीनवर खाते नंबर आणि शिल्लक एवढंच दिसतं, त्यामुळे पावणेबारापर्यंत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पावणेबाराला पहिलं पासबुक प्रिंटरमध्ये गेलं. 'मोरे' या आडनावाच्या जागी बारा चिन्हं उमटली. डोक्यावर तिरकी काडी असलेला रोमन ए, त्याच्या शेजारी सूर्यासारखं एक चिन्ह, मग पुन्हा तोच ए, शेजारी जपानी येन. ते पासबुक बघितलं त्या क्षणी मला काय झालंय ते कळलं होतं, आणि पोटात गोळा आला तो त्यामुळेच.

जुना मायएसक्यूएल ही मराठी लॅटिन-वन, म्हणजे युरोपी अक्षरं साठवायची जुनी पद्धत, समजून बाइट जसेच्या तसे ठेवायचा, जसेच्या तसे परत द्यायचा. ठेवताना चूक, देताना चूक, पण दोन्ही चुका एकाच मापाच्या, म्हणून दहा वर्षं मराठी झकास दिसत होती. स्ट्रेचमध्ये त्याच्या जागी मारियाडीबी हा डेटाबेस आला. तो पहिल्या रामरामापासूनच यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी चालणाऱ्या पद्धतीत, बोलतो. त्याने इमानदारीत लॅटिनचं भाषांतर केलं आणि एकेका मराठी अक्षराचे तीन-तीन तुकडे बाहेर आले.

यावर इलाज आहे. कॉलम आधी बायनरी करायचा, मग तिथून यूटीएफ-८. डेटा जागचा हलत नाही, फक्त त्याच्यावरचं लेबल बदलतं. साडेअकरा हजार सभासदांची नावं मी दीड तासात परत आणली. खरी अडचण वेगळीच होती. मागच्या खोलीत एक ताई सकाळपासून नव्या सभासदांचे फॉर्म भरत होत्या. सेव्ह केलं की फॉर्म कोरा होतो, म्हणून त्यांना काही दिसायचं कारणच नव्हतं. नव्या भाषेत आलेली मराठी जुन्या लॅटिन कॉलमात मावेना, तेव्हा डेटाबेसने तिथं प्रश्नचिन्हं लिहिली. त्रेचाळीस फॉर्म, नाव-पत्ता-वारसदार सगळं प्रश्नचिन्ह. ए-वाले तुकडे जोडता येतात, प्रश्नचिन्हातून अक्षर परत येत नाही. रात्रीचा बॅकअप चढवावा तर सकाळची काउंटरची भरणी-उचल जाणार. संध्याकाळी बापू, मी आणि माझी बायको, तिघांनी बसून कागदी फॉर्मवरून ते त्रेचाळीस पुन्हा भरले. आठ वाजता सगळं जसंच्या तसं होतं.

पण पतसंस्था म्हणजे विश्वास. ते पासबुक ज्यांच्या हातात पडलं त्यांनी ते चहाच्या गाड्यावर दाखवलं. मंगळवारी सहा-सात जण ठेवी मोडायला आले. एकाही माणसाचा एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता, पण हे सांगायला उभं राहिलं की आपणच चोरासारखे दिसतो. गुरुवारी संचालकांची बैठक झाली. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, आणि आत काचेच्या दारवाला आमचा विद्यार्थी. तो आत काय म्हणाला ते मला शिपायाने सांगितलं : "साहेब, धर्माची गाय ही. दात नाहीत म्हणून तक्रार कुणाकडे नेणार?" सभागृह हसलं म्हणे. आमचा करार गेला, वर्षाचं बिल अडकलं ते आजतागायत. त्या महिन्यात आणखी चार गिऱ्हाइकं गेली. त्यांतल्या दोघांच्या सर्व्हरला आम्ही वर्षभरात हातसुद्धा लावला नव्हता, लावायची गरजच पडली नव्हती.

चूक माझी होती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणतो. जुन्या डिस्कची कॉपी करून तिच्यावर आधी रंगीत तालीम करायला हवी होती. रिलीझ नोट्समध्ये मारियाडीबीचं लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं, मनावर घेतलं नव्हतं. पण डेबियनची चूक नव्हती, आणि गावाने नेमकी तीच लक्षात ठेवली.

विषय निघालाच आहे तर सांगतो. अपग्रेडच्या आधी बूट पार्टिशनमध्ये जागा किती ते बघा, जुने कर्नल साठून ते भरलेलं असतं आणि काम निम्म्यात अडकतं. डेबियनची एक पायरी गाळून उडी मारू नका. लांबून करत असाल तर 'स्क्रीन' नावाच्या प्रोग्रॅममध्ये करा, लाइट गेली की तुमचं कनेक्शन तुटेल, काम तुटणार नाही. कॉन्फिगची फाइल बदलू का असं विचारलं की घाईने 'वाय' दाबू नका, 'डी' दाबून फरक बघा. आणि बॅकअप 'आहे' म्हणू नका, एकदा परत चढवून बघा, मग म्हणा. घरातल्या साखरपुड्याला बायकोला एकटीला पाठवता येत असेल तर बघा, पण त्याचे परिणाम वेगळे.

त्या जुलैत तात्या दुकानाचा जिना चढून वर आले. गुडघे दुखायचे, तरी आले. वर्षाच्या मेंटेनन्सचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "माझ्याही मशीनला ते नवीन चढव." मी म्हटलं, तात्या, सध्या राहू दे. ते म्हणाले, "का? एकदा अपघात झाला म्हणून ड्रायव्हरने गाडी सोडायची?" त्यांचं मशीन मी सहा तास लावून स्ट्रेचवर नेलं. आधी कॉपीवर, मग खऱ्यावर. त्या वर्षी दसऱ्याला पूजा करायला तेवढं एकच मशीन दुकानात होतं.

दिवाळीनंतर बापूला पुण्यात नोकरी लागली. भांडण नाही काही. दोन घरं चालतील एवढं दुकानात येत नव्हतं. पेटी मात्र त्याने नेली नाही. २०१९ च्या पुरात खालची भांडी वाहून गेली, आम्ही माळ्यावर म्हणून वाचलो.

कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याला सेंटओएस ८ हे लिनक्स बसवून मी छातीठोक सांगितलं होतं, "२०२९ पर्यंत निवांत." ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ते २०२१ च्या शेवटीच बंद. मालकांना तोंड कसं दाखवावं कळेना. पण त्याच्या जागी अल्मालिनक्स आलं आणि आहे त्या जागेवरून तिकडे वळवायची स्क्रिप्टही आली. या वेळी कॉपीवर तीनदा केलं. एकदाही काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून कुणी काही बोललंही नाही.

त्या पतसंस्थेचं आता क्लाउडवर सगळं आहे. तिथला सर्व्हर लिनक्सच आहे, हे मला परवा कळलं. मी कुणाला सांगत बसलो नाही. म्हणजे, आत्ता सांगतोय.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, ट्रिक्सी. ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या प्रोसेसरच्या, मशीनसाठी त्यात कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ईचपासून बुकवर्मपर्यंत तात्यांचं ते मशीन आम्ही आठ वेळा चढवत नेलं, डिस्क दोनदा बदलली, पंखे किती बदलले मोजले नाहीत. आता प्रोसेसरच ३२ बिटचा, इलाज नाही. तात्यांचा नातू गादीवर बसतो. तो म्हणाला, काका, नवीन आणा. मी आणलं. जुना कॅबिनेट शेवटचा उघडला, आत तसंच पिवळं. तात्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत होते.

"डबा बदल," ते म्हणाले, "पण कीबोर्ड हाच ठेव. माझी बोटं त्याला ओळखतात."

कीबोर्ड पीएस/टूचा. नव्या बोर्डाला ती खाचच नाही. कन्व्हर्टर मागवलाय, सोमवारी येईल. तोवर नातू यूएसबीवर पट्ट्या काढतोय आणि तात्या जुना कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलेत.