सरांच्या नावाचा पुरस्कार का थांबला

"मॅडम, तुमचं ते स्मृती मंडळ बंद का पडलं?" अंबाजोगाईत असो की पुण्यात, ओळखीचं कोणी भेटलं की हा प्रश्न ठरलेला. आणि लगेच आवाज खाली आणून, "पैशांवरून झालं का?"

नाही. ठेव सरांच्या मुलाने दिली होती, तिच्या व्याजातून बक्षीस जायचं आणि थांबताना मुद्दल त्यांना परत केलं. हिशेबाची वही ज्यांना बघायची होती त्यांनी बघितली आहे. त्यावर आता बोलणार नाही.

सर कोण होते हे तुम्हाला सांगायला नको. विचारणारे बहुतेक त्यांच्याच वर्गातून गेलेले, दिवाळी अंकातल्या विज्ञानकथा त्यांच्या तोंडून ऐकलेले. ते गेल्यावर मंडळ काढलं आणि नवोदितांसाठी विज्ञानकथेची स्पर्धा ठेवली. हस्तलिखितावर नाव असायचं नाही, हा आग्रह माझा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे सर दर वर्षी सांगायचे. नावाचा दबदबा परीक्षकांवर पडू नये म्हणून एवढ्या मोठ्या माणसाने काळजी घेतली. मग ज्यांना नावच नाही, त्यांच्यासाठी आपण तेवढी घ्यायला नको?

पहिली दोन वर्षं बरी गेली. यंत्रमानव, मंगळ, परग्रहावरचे पाहुणे. कथा नीटनेटक्या होत्या, आता त्यातली एकही मला आठवत नाही.

मग ती कथा आली. रेघी वहीची पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, भाषा बीडकडची. ऊसतोडीच्या टोळीची गोष्ट. तुम्हाला माहीत आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि हंगामाआधी मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, उचल म्हणून आगाऊ पैसे देतो. कथेतल्या काळात मुकादमाकडे एक यंत्र आहे. गर्भातल्या बाळाच्या जनुकांवरून ते मूल मोठं झाल्यावर किती टन ऊस तोडेल ते यंत्र सांगतं, आणि त्या आकड्यावर आईबापाला उचल मिळते. पोर जन्मायच्या आधीच कर्जात. नायिका पोटुशी आहे, दवाखान्याच्या व्हरांड्यात रांगेत उभी आहे आणि पुढच्या बाईचा आकडा मोठा निघाला म्हणून तिच्या सासूने वाटलेला पेढा हातात धरून आहे. खात नाही, टाकतही नाही. कथा तिथेच थांबते.

मी ती लागोपाठ दोनदा वाचली.

तिघांपैकी दोन परीक्षकांनी हीच कथा निवडली. तिसरे म्हणाले, "जनुकांवरून टनावारी निघत नाही. हे विज्ञान नाही." सरांचा मुलगा, आम्ही त्यांना दादा म्हणतो, बैठकीला होते. ते शांतपणे म्हणाले, "बाबांच्या नावाने हे द्यायचं? त्यांनी समासात 'कारण?' लिहून वही परत केली असती." पुढे त्यांनी नियम सुचवला: यापुढे प्रत्येक कथा आधी विज्ञानाच्या प्राध्यापकाकडून तपासून घ्यायची, पास झाली तरच परीक्षकांकडे.

लोक दादांना दोष देतात, तो मला मान्य नाही. लाल शाईतला तो 'कारण?' माझ्याही वहीत आहे. कथेत यंत्र आकडा कसा काढतं याला खरंच कारण दिलेलं नाही.

पण मीही तेव्हा भांडले. म्हणाले, जगदीशचंद्र बोसांनी 1896 साली 'कुंतलीन' केशतेलाच्या कथास्पर्धेसाठी कथा लिहिली, तिच्यात तेलाची बाटली समुद्रात ओतून वादळ शमतं, आणि हीच कथा सर वर्गात हात पसरून रंगवून सांगायचे. बाटलीभर तेलाने चक्रीवादळ थांबतं का? दादा म्हणाले, "बोसांनी पृष्ठताणाचं कारण तरी दिलं होतं." याला उत्तर तेव्हा सुचलं नाही. आज देईन. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली. पाळीत खाडा पडतो आणि खाड्याचा दंड बसतो म्हणून बायका पिशवी काढून टाकतात, ही बोंब होती. गर्भाशय हिशेबात आधीच धरलेलं आहे. कथा लिहिणाऱ्या मुलीने हिशेब फक्त एक पिढी पुढे नेला. माझ्या लेखी कारण ते आहे. सरांनी ते कारण म्हणून घेतलं असतं का, ते मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आणि नेमकं हेच तिने मला विचारलं. बैठकीतलं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं, कसं ते कळलं नाही. धारूरकडची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. फोनवर म्हणाली, "मॅडम, एकच सांगा. ज्यांच्या नावाचं बक्षीस हाये, त्यांना आवडली असती का माझी कथा?"

'हो' म्हणून टाकायचं, असं माझी बहीण अजून म्हणते. एका शब्दाने काय बिघडलं असतं? पण त्या मुलीने ते ओळखलं असतं. मी म्हणाले, "मला आवडली. परीक्षकांना आवडली." पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "मग राहू द्या. त्यांच्या नावाचं घेऊन त्यांनाच नको असलं तर माझ्याच्यानं नाही व्हायचं." मी पुष्कळ समजावलं. तिने घेतलं नाही.

त्या वर्षी कोणालाच दिलं नाही. दादांचा नियम मी मान्य केला नाही आणि त्यांनी तो मागे घेतला नाही. नवोदिताने पाठवलेल्या कथेला आधी गेलेल्या माणसाची परवानगी लागणार असेल, तर ते मला चालवायचं नव्हतं. दादांचं म्हणणं, नाव वडिलांचं आहे तर त्यांची शिस्तही यायलाच हवी. यातलं एकही म्हणणं मला खोडता येत नाही, माझं स्वतःचंही नाही.

आता काही जुने विद्यार्थी पुन्हा सुरू करायचं म्हणतात. जरूर करा. सरांच्या नावाशिवाय केलंत तर आलेली प्रत्येक कथा मी वाचेन, रेघी वहीतली तर आधी. नावासकट केलंत तर मला बोलावू नका. हे मी दादांनाही सांगितलं आहे. त्यांना ते लागलं आहे, आणि आमचं अजून त्यावर बोलणं झालेलं नाही.