गव्हाणीखालच्या चार काचा

परवा नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलकडच्या एका पाड्यावरून फोन आला, डॉक्टर बैल गेला, खोरीपाड्याला गिधाडांना द्यायचाय, बघून जा. तिथं वनखात्याने गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा केलीय. पण मढं न्यायच्या आधी शेवटच्या दिवसांत कुठलं औषध टोचलं ते विचारावंच लागतं, आणि लोक पाठ केल्यासारखं सांगतात, काहीच नाही दिलं.

बैलाचे मालक, काका, तेही तेच म्हणाले. मानेवर सुईची गाठ दिसली म्हणून गोठ्यात शिरलो तर गव्हाणीखाली चार फुटके ॲम्प्यूल, इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या. माणसांचं डायक्लोफिनॅक, दुखण्या-सुजेवरचं औषध. ते टोचलेलं मढं खाल्लं की गिधाड मरतं. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद, मग माणसांच्या मोठ्या बाटल्या ढोरांना टोचायला लागले म्हणून 2015 ला 3 मिलीवरचं पॅकिंगही बंद केलं. एका ॲम्प्यूलमध्ये 75 मिलिग्रॅम, चारात 300, आणि बैल तीनशे किलोच्या आसपासचा. डोस अगदी बरोबर! म्हणजे टोचणारा अडाणी नव्हता, त्याने हिशोब करून दिलं, हेच डोक्यातून जात नाहीये.

काका म्हणाले, "बैलाला ज्याने काही झालं नाही त्याने पाखरू कसं मरेल?" प्रश्न रास्तच होता. मी एकदा मेलेलं गिधाड उघडलंय. किडनी बंद पडलेली आणि काळजावर, लिव्हरवर युरिक ॲसिडचा पांढरा थर, चुन्याचा हात मारल्यासारखा. एका मढ्यावर अख्खा थवा बसतो, त्यामुळे शंभरात एखाद्या मढ्यात औषध असलं तरी पुरतं, आणि जोडी वर्षाला अंडं घालते एकच.

खड्डा खणून बैल पुरला. काका गप्प होते. इतकी वर्षं राबला, निदान कोणाच्या पोटात तरी गेला असता, एवढंच म्हणाले.

त्याच कामाचं मेलोक्सिकॅम आहे ना, गिधाडांना काही करत नाही. पण जनावर तासाभरात उठलं तरच डॉक्टर हुशार, ही सवय लोकांना आम्हीच लावलीय.

रात्री माझं जुनं केस रजिस्टर काढलं. कीटोप्रोफेन हे तसलंच दुसरं औषधसुद्धा गिधाडांना मारतं हे कधीच छापून आलं होतं, बंदी आली जुलै 2023 ला, आणि तोवर मी ते सर्रास टोचत होतो. पानापानावर आहे. ताप, सूज, लंगडणं, कासदाह. त्यातली किती वाचली नाहीत आणि त्यांची मढी कुठं टाकली, त्याला रजिस्टरमध्ये रकानाच नाही.