आमची वाटचाल : शेतीपंपापासून टर्बाइनपर्यंत

कोल्हापुरातल्या आमच्या शेडमध्ये आधी शेतीपंपांचीच कामं व्हायची : इंपेलर (पंपातलं फिरणारं चाक), स्लीव्ह, बेअरिंग, ग्लँड. पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बाइनकडे आम्ही त्याच वाटेने आलो, कारण सेंट्रिफ्युगल पंपात पाणी उलट बाजूने सोडलं की तोच टर्बाइन होतो. स्वस्त पर्याय, पण नेमप्लेटवरचं हेड (पाण्याची उंची) आणि डिस्चार्ज (सेकंदाला जाणारं पाणी) इथे चालत नाही. तेवढ्याच आरपीएमवर दोन्ही जास्त लागतात, कधी दीडपट. शिवाय फिरण्याची दिशा उलटते, म्हणून पंपात आवळत जाणारा इंपेलरचा नट इथे सुटत जातो. नटाला लॉक केल्याशिवाय असा पंप आम्ही शेडबाहेर सोडत नाही.

उलट्या पंपाला गाइड व्हेन, म्हणजे पाणी कमी-जास्त करणारी हलती पाती, नसतात. पाणी निम्म्यावर आलं की त्याची कार्यक्षमता कोसळते, आणि ओढ्याचं पाणी ऑगस्टात आणि फेब्रुवारीत सारखं कधीच नसतं. म्हणून पुढे क्रॉसफ्लो जातीचा टर्बाइन बनवू लागलो. दोन चकत्यांमध्ये वक्र पाती जोडलेला हा ढोल. पाणी पात्यांतून आत शिरतं, मधली पोकळी ओलांडतं आणि पलीकडच्या पात्यांतून बाहेर पडतं. म्हणजे एकच पाणी दोनदा ढकलतं. आत शिरताना अडकलेला पाचोळाही बाहेर पडताना तेच धुऊन नेतं. तडा जातो तो पातं आणि चकतीच्या वेल्डला, कारण प्रत्येक फेरीत पात्यावर भार येतो आणि उतरतो.

पेल्टनचं, म्हणजे कडेला वाट्या बसवलेल्या चाकाच्या टर्बाइनचं, काम आम्हाला सगळ्यात जवळचं. सह्याद्रीच्या कोकणाकडच्या कड्याखाली, खोपोलीला आणि पोफळीला, पेल्टनच आहेत. उंची भरपूर असते तिथे हेच चाक शोभतं. सगळा दाब नोझलमध्येच वेगात बदलतो. झोत वाटीच्या मधल्या धारेवर दुभंगतो आणि साधारण १६५ अंश वळून बाहेर पडतो. पुरता १८० अंश वळवला तर पाणी मागून येणाऱ्या वाटीच्या पाठीवर आदळेल. वाटीचा वेग झोताच्या सुमारे ०.४६ पट ठेवला की पाणी जवळपास निर्जीव होऊन खाली पडतं. १०० मीटर निव्वळ हेडला (पाइपमधली घट वजा करून उरलेल्या उंचीला) झोत सेकंदाला ४३ मीटरच्या आसपास, वाटी २० मीटर. १००० आरपीएमला झोताच्या वर्तुळाचा व्यास ३८० मिलिमीटर येतो.

‘वाट्या खराब झाल्या’ म्हणून चाक आमच्याकडे येतं, पण पुष्कळदा मूळ दुखणं झोत कमी-जास्त करणाऱ्या नोझलच्या सुईत असतं. गाळाने सुईचं टोक आणि रिंग खरवडली की झोत काचेच्या कांडीसारखा न राहता पिसारतो आणि त्याचे फवारे वाट्यांना खातात. आधी सुई आणि रिंग जोडीने बदला, मगच वाट्यांना भर चढवा. झोत बाजूला वळवणारा डिफ्लेक्टरही हाताने फिरवून बघा. लोड गेल्यावर चाक पावणेदोन पटीपर्यंत पळतं, आणि नोझल झटकन बंद केली तर वॉटर हॅमरने, म्हणजे अडलेल्या पाण्याच्या दाबाच्या धक्क्याने, पाइप फुटतो. झोत आधी बाजूला वळवायचा, सुई सावकाश पुढे घ्यायची.

धरणाच्या पायथ्याशी फ्रान्सिस जातीचा टर्बाइन. त्यात पाणी दाबासकट चाकात शिरतं आणि पात्यांमधून जाताना दाब व वेग दोन्ही सोडतं. खालचा ड्राफ्ट ट्यूब, म्हणजे रुंदावत जाणारी बाहेरची नळी, उरलेला वेगही कामी लावतो, पण त्यामुळे पात्याच्या बाहेरच्या कडेशी दाब फार खाली येतो, बुडबुडे तयार होतात, पुढे फुटतात आणि धातू मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोखरतात. दुरुस्तीत पक्का धातू लागेपर्यंत घासायचं, डाय पेनेट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने) तडे बघायचे, ३०९एल या स्टेनलेस वेल्डिंग रॉडने बारीक बीड टाकायचे, तेही समोरासमोरच्या पात्यांवर आलटून पालटून, म्हणजे चाक वाकत नाही. शेवटी पात्याच्या आकाराचा फर्मा लावून आकार जुळवायचा आणि बॅलन्सिंग करायचं. एवढं करून पात्यावर उंचवटा राहिला तर खड्डा त्याच्या पुढेच पुन्हा पडतो.

चौकशीला येताना दोन आकडे आणा. एक, मे महिन्यातलं लिटर प्रतिसेकंद पाणी. दुसरा, पाइपच्या खालच्या टोकाच्या गेजचं रीडिंग, एकदा व्हॉल्व्ह बंद ठेवून आणि एकदा पूर्ण पाणी सोडून. गेजवरच्या १ किलोला (प्रति चौरस सेंटिमीटर) १० मीटर हेड धरा. दोन रीडिंगमधल्या फरकाचा मोठा भाग पाइपच्या घर्षणातच गेलेला असतो.