तुम्ही विचारलंत म्हणून: गरिबी मोजून काय होतं?

अर्थशास्त्र शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच: गरिबी मोजून गरिबाच्या पोटात काय पडतं? परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेबद्दल लिहितो.

रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये ही संस्था सुरू झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ, ते थेट १९६६ पर्यंत. संस्था वाढली ती या काळात, आणि ती गावोगाव, घरोघर फिरून. पुणे शहराची पाहणी झाली, गोदावरी-प्रवरा कालव्यांनी शेतकऱ्याच्या हाती नेमकं काय पडलं त्याचा हिशेब झाला.

माझ्या मते या संस्थेचा कस लागला तो कुळकायद्यावर. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिलं होतं. कागद बघितले तर कुळं ‘स्वखुशीने’ जमीन सोडत होती! संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गावं तपासली. १९५७ च्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं की बहुतेक गावांपुरता हा कायदा असून नसल्यासारखा आहे. मालकाच्या दबावाखाली जमीन सोडल्याचं लिहून दिलं, तर त्यात कोणती खुशी? तलाठ्याच्या दप्तरातून हे कधीच कळलं नसतं.

पुढे १९७१ च्या जानेवारीत दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च त्यांनी धरला: १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. नमुना पाहणीचे सरकारी आकडेच त्यांनी या मापाला लावले. खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली जवळजवळ निम्मी माणसं या दारिद्र्यरेषेखाली निघाली. त्यांच्यासाठी सार्वजनिक कामांतून रोजगार द्या, खर्च वरच्या थरातल्यांकडून उभा करा, असं त्यांनी रोखठोक सांगितलं.

महाराष्ट्रातली रोजगार हमी उभी राहिली ती विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या ध्यासातून आणि ७२ च्या दुष्काळातून. ते श्रेय संस्थेचं नव्हे. पण त्या कामांवर येणारा मजूर खरंच गरीब आहे का, हे तपासायला संस्थेच्याच कुमुदिनी दांडेकर आणि त्यांच्या सहकारी गेल्या. बहुतेक सगळे गरीबच निघाले. योजनेवर पैसे उधळले जाताहेत म्हणणाऱ्यांना आता आकड्याला उत्तर द्यावं लागणार होतं. मोजणीतून पोटात भाकरी पडत नाही, हे तुमचं खरं. पण ‘गरीब आहेत कुठे?’ असं विचारण्याची सोय सत्तेला राहत नाही.

दांडेकर-रथांची ती रेषा मला त्या काळासाठीही फार खाली वाटते. औषधपाणी, मुलांची शाळा, घरभाडं तिच्यात नीट मावत नाही. आणि खर्चावर आधारलेले सरकारचे शेवटचे अधिकृत दारिद्र्याचे अंदाज २०११-१२ चे आहेत. नवी रेषा आखण्याचं काम कुणा मंत्रालयाची वाट न पाहता अशाच एखाद्या संस्थेने अंगावर घ्यावं, माझे विद्यार्थी पाहणीला पाठवायची माझी तयारी आहे.