सात महिने कुलूप

"सात महिने कुलूप लावून ठेवायचं घर बांधलंत कशाला?" रत्नागिरीला गेले की विचारतात, पुण्यात विचारतात, आणि इथे हेलसिंकीत गणपतीच्या आरतीनंतर हातात मोदक धरून कोणीतरी हमखास विचारतंच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा बंगला असतो, तेव्हा आधी तो पाडते. घर आहे चार मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांच्या आतलं. विजेची तार नाही, नळ नाही, शेवटचे सातशे मीटर गाडीही जात नाही. भोवती मात्र अडतीस हेक्टर जंगल, आपल्या हिशेबात चौऱ्याण्णव एकर. हा आकडा ऐकला की प्रश्नाचा सूरच बदलतो. "चौऱ्याण्णव? मग प्लॉट का नाही पाडत?"

प्लॉट पाडले तरी घ्यायला येणार कोण? जागा फिनलंडच्या पूर्व कडेला, काइनू प्रांतात, कुहमोच्याही पुढे आहे. हेलसिंकीहून सहाशेहून जास्त किलोमीटर. रशियाची हद्द जवळ. अस्वलाची ताजी विष्ठा दिसली तर तिथे कोणी फोटोसुद्धा काढत नाही.

जंगल आलं नवऱ्याच्या आजीकडून, 2015 साली. फिनलंडमध्ये यात नवल काही नाही. इथे सहा लाखांहून जास्त साध्या माणसांच्या नावावर जंगल आहे. नर्स, बसचालक, शाळामास्तर. बरेचसे शहरात राहतात आणि आपली झाडं वर्षातून एकदा बघतात, काही जण तेवढीही नाहीत. आमचं जंगल नवरा आणि नणंद यांच्या नावे सामाईक होतं. सामाईक हा शब्द मला कोणी समजावून सांगायला नको, आमच्या राजापूरकडच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. इथे तेवढं ताणलं नाही. एका भागाची विरळणी करून लाकूड विकलं, त्यातून नणंदेचा वाटा विकत घेतला. ती अजूनही दर ऑगस्टात बेरी तोडायला येते आणि आमच्यापेक्षा जास्त तोडते. तसंही या देशात दुसऱ्याच्या जंगलात हिंडायला, बेरी-अळंबी गोळा करायला कोणाला परवानगी लागत नाही. झाड तोडायचं नाही, मालकाला न विचारता जाळ करायचा नाही, बस.

बंद घराची मला लहानपणापासून सवय. गावचं घर मे महिन्यात उघडायचं, गणपतीत उघडायचं, एरवी कुलूप. कोळिष्टकं काढत कुठल्या वाशाला वाळवी लागली ते बघत फिरणं, ही आमच्या सुट्टीची पहिली दुपार. बाबा म्हणायचे, बंद घर एका पावसाळ्यात दहा वर्षांनी म्हातारं होतं. ते घर बारमाही माणसांसाठी बांधलेलं होतं, माणसं गेली म्हणून बंद पडलं. काइनूत आम्ही उलटीकडून सुरुवात केली. बांधतानाच धरून चाललो की इथे कोणी नसणार आहे. मग प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न: उणे तीसमध्ये, माणूस नसताना, हिचं काय होईल?

हे शहाणपण आधीपासून होतं असं मात्र नाही.

2016 साली पहिली बांधली ती लाकडांची शेड. तळ्याच्या काठाला, सपाट जागा बघून, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून. सुरुवात सरपणापासूनच करावी लागते. बर्च हिवाळ्याच्या शेवटी पाडून मेपर्यंत फोडून ठेवला तर शरद ऋतूपर्यंत वाळतो, म्हणजे यंदाच्या चुलीची तयारी यंदाच्या बर्फात. शेड झाली, भरली, आम्ही खूश. पुढच्या मे महिन्यात गेलो तर दार उघडेना. कुलूप निघालं, कडी निघाली, दार हलेना. नवऱ्याने खांदा लावला, मी लाथ घातली. मग मागे सरून पाहिलं तेव्हा कळलं: तळ्याकडचा कोपरा चार बोटं वर गेला होता आणि अख्खी चौकट तिरकी झाली होती. खाली बारीक गाळाची माती. अशी माती गोठायला लागली की खालचं पाणी वर ओढून घेते, ते थरांनी गोठतं आणि वरचा दगड, खांब, काय असेल ते उचलतं. जवळच्या विहिरीची वरची सिमेंटची कडीसुद्धा त्याच थंडीने खालच्या कडीपासून सुटली होती आणि फटीतून चिखल आत येत होता.

शेजारी (म्हणजे चार किलोमीटरवरचे) आजोबा बघायला आले. हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी एक झुडूप दाखवलं: ब्लूबेरी. मग मला साठ-सत्तर पावलं वर, वाळूच्या टेकाडावर नेलं. तिथे पाईन, पायाखाली पांढुरकं दगडफूल आणि लिंगॉनबेरी (आंबट, लाल बेरी). ब्लूबेरी आणि स्प्रूस जिथे माजलेत तिथे जमीन कसदार आणि ओलसर. लिंगॉनबेरी आणि पाईन तिथे कोरडी. झाडासाठी पहिली चांगली, घरासाठी दुसरी. मला वाटलं हे आजोबांचं गावठी ज्ञान. नंतर कळलं की खालच्या झुडपांवरून जंगलाची प्रत ओळखायची ही पद्धत 1909 साली कायांदेर नावाच्या वनशास्त्रज्ञाने शास्त्र म्हणून मांडली, आणि हाच गृहस्थ पुढे तीनदा फिनलंडचा पंतप्रधान झाला. 1939 साली रशियाने हल्ला केला तेव्हाही तोच खुर्चीवर होता. बेरी बघून जमीन सांगणारा पंतप्रधान. मला आवडलं.

तर घर टेकाडावर गेलं आणि तळ्याचा देखावा गेला. पाहुणे अजून हळहळतात. मी नाही. देखावा बघायला खाली चालत जाता येतं. घर दर वसंतात सरळ करता येत नाही.

मुख्य घर नवं बांधलंच नाही. आजीच्या जुन्या वाडीवर ओंडक्यांची एक कोठी होती, धान्य आणि कपडे ठेवायची. इकडे अशी घरं उचलून नेतात. प्रत्येक ओंडक्यावर नंबराचा पत्र्याचा तुकडा ठोकायचा, वरून एकेक उतरवायचा, दुसरीकडे त्याच क्रमाने रचायचा. खालचे दोन थर कुजलेले निघाले, तिथे नवं पाईन घातलं. बाकीचं लाकूड इतकं कडक की नवऱ्याची ड्रिल गरम झाली. दोन ओंडक्यांमध्ये भरायला रानातलंच शेवाळ, उपटून, काड्या निवडून, आंबट ओलं असतानाच थापायचं. वाळलं की ते नमद्यासारखं घट्ट बसतं. दोन आठवडे माझी नखं हिरवी होती.

आता हे ओंडके तिथे नेले कसे? सातशे मीटर दलदल. उन्हाळ्यात माणूसच गुडघ्यापर्यंत जातो. इथे एक गंमत आहे जी मला पटायला वेळ लागला: उन्हाळी घर हिवाळ्यात बांधायचं असतं. दलदल गोठली की तीच हमरस्ता. 2018 च्या मार्चमध्ये स्नोमोबिलच्या मागे घसरगाडी बांधून तीन दिवस फेऱ्या मारल्या. ओंडके, पत्रे, खडीच्या गोण्या, बिडाची चूल, आणि एक खिडकी, जी मी मांडीवर धरून बसले होते. मार्चमध्ये दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर मऊ होतो आणि रात्री परत गोठतो. सकाळी त्यावर खडीसाखरेसारखा कडक पापुद्रा असतो, इतका की बूट घालून कुठेही, झुडपांच्या डोक्यावरून, सरळ चालत जावं. फिनिशमध्ये त्याला 'हांकिकांतो' म्हणतात. साधारण दहा वाजेपर्यंत तो धरतो. तिसऱ्या दिवशी आम्हाला अकरा वाजले आणि खिडकीसकट मी कमरेपर्यंत आत. काच वाचली. नवऱ्याने आधी काचेचीच चौकशी केली, हे मी विसरलेले नाही.

ही ओढाओढ चालू होती तोवर राहत होतो साउनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात. जुनी फिनिश रीतच ती, आधी साउना, मग घर. गरम पाणी, आंघोळ, झोप, सगळं त्या एका खोलीत. पूर्वी बाळंतपणंही तिथेच व्हायची. त्यातला पाण्याचा हंडा पाहिला तेव्हा मला आमच्या मोरीतला बंब आठवला आणि पहिल्यांदा वाटलं, हे जमेल. संडास वेगळा, पन्नास पावलांवर, कोरडा. वर पीटची, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाची, भुकटी टाकायची, खाली खत होतं. पाहुण्यांना याची भीती वाटते. खरी भीती डासांची असावी. जूनच्या शेवटापासून जुलैभर ते असे येतात की चहा कपावर हात ठेवून प्यावा लागतो. डास सरतात तोवर ऑगस्टात मूसमाश्या (मूस म्हणजे इथलं थोराड हरीण) हजर. त्या चावण्याआधी पंख गाळून केसांत शिरतात. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

चौऱ्याण्णव एकरांचं काय करतो, हाही उपप्रश्न असतो. फार काही करत नाही, हे खरं उत्तर. पण न करणंही ठरवावं लागतं. उत्तरेकडच्या दलदलीत नवऱ्याच्या आजोबांनी साठच्या दशकात चर खणले होते. तेव्हा देशभर तेच चाललं होतं, सरकार पैसे देत होतं. पाणी काढा, झाडं वाढतील. देशातली निम्म्याच्या आसपास दलदल अशी चर मारून झाली. काही ठिकाणी झाडं वाढली. आमच्या त्या तुकड्यात नाही. मनगटाएवढा एक पाईन तिथे कापला आणि भिंग घेऊन वर्तुळं मोजली, एकसष्ट भरली. माझ्या आईपेक्षा थोडाच लहान. चर पुन्हा साफ करून घ्या असं सुचवणारे भेटतात, आम्ही ते शेवाळाने बुजू देतोय. दक्षिणेकडच्या चांगल्या जमिनीत मात्र विरळणी करतो. घरच्या सरपणापुरतं तोडायला काही नाही, पण विक्रीसाठी तोडायचं तर आधी वनखात्याच्या केंद्राला कळवावं लागतं. सरसकट साफ तोड करायची नाही, निवडून काढायचं. 2014 मध्ये वनकायदा बदलल्यापासून तशी मोकळीक आहे. पैसे कमी मिळतात. तोडलेल्या मोकळ्या रानात सुट्टी घालवायला मला जायचं नाही, एवढंच माझं वनशास्त्र.

शिकारीचा हक्क गावच्या शिकारी मंडळाला दिलाय. भाडं नाही, पण शरदात मूसच्या मांसाच्या सूपाचं बोलावणं येतं. मी खात नाही. तरी जाते, कारण कुठला पूल खचला, कोणाच्या रानात वादळाने झाडं पडली, ही सगळी बातमी तिथेच मिळते. आणि रस्त्याचं मंडळ आहे, जंगलातल्या खाजगी रस्त्याचा खर्च वापराप्रमाणे वाटून घेणारं. त्याच्या सभेत एका मोरीच्या पाईपवरून दोन तास वाद झाला तेव्हा मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आम्ही येऊन-जाऊन तिथे असतो. माझं काम लॅपटॉपवरचं. जूनमध्ये सूर्य रात्री अकरानंतर टेकतो आणि तीनच्या आत परत उगवतो, त्यामुळे छपरावरचं एक सौरपॅनेल पुरतं. डिसेंबरात तिथे चार तास उजेड. बारा महिने का राहत नाही याचं उत्तर त्या चार तासांत आहे.

आवरायचा दिवस हा खरा दिवस. पंप काढून उलटा करायचा, थेंबही ठेवायचा नाही. एकदा राहिला होता आणि त्याचं बीड अक्रोडासारखं फुटलं. हंडा पालथा. बादल्या पालथ्या. गाद्या तारेवर टांगायच्या, कारण रानउंदरांना त्यात बाळंतपणं करायला आवडतं. तांदूळ, डाळ, मेणबत्त्यासुद्धा पत्र्याच्या डब्यात. हिंगाची डबी एका वर्षी उघडी राहिली, तिला कोणी शिवलं नाही. राख काढायची. धुराड्याच्या वरच्या बाजूला पत्र्याचा बांध आहे तो हलवून बघायचा, नाहीतर छपरावरून घसरणारं बर्फ धुराडं घेऊन खाली येतं. आणि सगळ्यात शेवटी चुलीत लाकडं रचून ठेवायची, पेटवायची नाहीत. खाली बर्चच्या सालीचे तुकडे, बाजूला काडेपेटी. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्याच कुळातला. आपण त्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या, इथे ती ओली असली तरी पेटते म्हणून चुलीत घालतात. मार्चमध्ये स्की करत कोणी पोचलं, बोटं बधिर झालेली असली, तर एका काडीत जाळ व्हायला हवा. ते आम्हीच असू असं नाही. म्हणून कुलपाची किल्ली कुठे असते ते शेजारच्या आजोबांना आणि शिकारी मंडळाला माहीत आहे.

तर कुलूप म्हणजे एवढंच. तुम्हाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर सप्टेंबरच्या शेवटी या. डास संपलेले असतात, लिंगॉनबेरी पिकलेली असते, आणि गाद्या टांगायला चार हात कमीच पडतात.