आई हात न टेकता उठतात का?

मी लालबाग-परळमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. अलीकडे एक प्रश्न हमखास येतो, तोही पेशंटच्या मुलांकडून: "रॅपामायसिनने म्हणे म्हातारपण लांबतं. आईला सुरू करू का?"

प्रश्न खुळा नाही. प्रशांत महासागरातल्या रापा नुई (ईस्टर आयलंड) बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून हे औषध मिळालं. कॅनडात माँट्रियलच्या एका औषध कंपनीत काम करणारे भारतीय वंशाचे सुरेन सेहगल यांनी ते शोधलं आणि कंपनीने काम गुंडाळलं तेव्हा तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपला. अन्न मुबलक असलं की पेशीतलं एक प्रथिन 'वाढत राहा' असा हुकूम सोडतं. औषध तो हुकूम दाबतं, मग पेशी आतली मोडतोड आवरायला घेते. २००९ साली अमेरिकेत ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या उंदरांना ते खाऊ घातलं, तर माद्यांचं आयुष्य साधारण १४ टक्के आणि नरांचं ९ टक्के वाढलं. इतक्या उशिरा सुरू करूनही! मला याचं फार अप्रूप वाटतं.

पण माणसाचं आयुष्य त्याने वाढल्याचं अजून कुणी दाखवलेलं नाही. किडनी बदललेल्यांना ते देतात, ते प्रतिकारशक्ती दाबायला. तोंड येतं, कोलेस्टेरॉल चढतं. म्हणून आज तरी माझं उत्तर 'नको' आहे. मग मी उलट विचारते, "आई हात न टेकता खुर्चीतून उठतात का?" बहुतेक घरांत हे कुणी पाहिलेलंच नसतं.

लालबागच्या एका आजी आहेत, ८१ वर्षांच्या. चाळीत तिसऱ्या मजल्यावर उभी हयात गेली. पाणी भरणं, जिने, पाटावर बसून जेवण. आता त्याच जागी टॉवर झालाय आणि त्या बाविसाव्या मजल्यावर राहतात. लिफ्ट, कमोड, पलंग, टेबल. सोय झाली, हे खरंच. पण पाय कामाविना राहिले. पहिल्या दिवशी त्यांना हात छातीशी घेऊन ३० सेकंदांत जमेल तितक्या वेळा खुर्चीतून उठायला सांगितलं. त्या पुढे झुकल्या, मांड्या थरथरल्या, पुन्हा मागे बसल्या. एकदाही जमलं नाही. "पायच माझे राहिले नाहीत गं," म्हणाल्या.

माझे बाबा बेस्टच्या डबलडेकरवर कंडक्टर होते. त्या जुन्या गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. कॉलेजात ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांचं १९५३ चं संशोधन शिकले, तेव्हा मला बाबांच्या पोटऱ्या आठवल्या. लंडनच्या डबलडेकरवर ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर सतत जिन्यावर. हृदयविकार कंडक्टरांना कमी. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

"आता या वयात काय होणार?" हे तर मला रोज ऐकावं लागतं. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! स्नायूला हाक मारली की तो ओ देतो, वय कितीही असो.

आजींना आधी उंच खुर्ची दिली, वर दोन उशा. मग एक उशी. मग पायाला वाळूची अर्धा किलोची पिशवी. सूनबाईंना सांगून ताटात रोज उसळ आणि एक अंडं आणलं. नुसत्या चहा-बिस्किटावर स्नायू कशाचा होणार? तीन महिन्यांनी ३० सेकंदांत सात वेळा उठल्या.

परवा गेले तर जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून उठल्या, एक हात पलंगाला लावून. तो हात गणपतीच्या आत सोडवायचा, असं आमचं ठरलंय. मोदक त्यांना पाटावर बसून वळायचेत.